चार दिवसांची उसंत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गेला महिना धावपळीत गेला आणि त्यातले चार दिवस वर्ध्याला मामीच्या घरी गेले. त्या चार दिवसांबद्दल लिहायचं म्हणून सुरुवात केली, पण लिहिता लिहिता गाडी ऐंशी-नव्वद वर्षं मागे गेली. तेव्हा आधीच सांगतो, हे थोडं घरातलं आहे आणि थोडं इतिहासातलं. नातेवाईक मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी काम आहे.

माझ्या मामेभावाला आम्ही सगळे 'भाऊ' म्हणतो. तो १९८१ चा, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहान. जन्माच्या वेळी काहीतरी बिनसलं आणि त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. चालता येत नाही, बोलणं म्हणजे पाच-सहा आवाज. ते मामीला नीट कळतात, आम्हाला अंदाजाने. बौद्धिक वाढही लहान मुलाइतकी. मामा दहा वर्षांपूर्वी गेले. आता घरात मामी आणि भाऊ. मामीचं वय अडुसष्ट.

तर परवा मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदम म्हणाली, "मले चार दिवस सुट्टी पायजे. कोनी मेलं नाई, कोनाचं लगन नाई, मी बिमार बी नाई. नुसतं आर्वीला जाऊन झोपाचं हाय."

आर्वी म्हणजे तिचं माहेर. आता तिथे तिचा भाऊ आणि भावजय आहेत. वर्ध्याहून दीड तासाचा रस्ता. त्या दीड तासाच्या माहेरी मामी सलग चार दिवस शेवटची कधी राहिली होती, हे तिलाही आठवेना. माहेरपण ही आपल्याकडची जुनी सोय. कायदा नाही, योजना नाही, पण दिवाळीला, नागपंचमीला, बाळंतपणाला सासुरवाशीण चार दिवस कामातून सुटायची आणि घर तिच्याशिवाय चालायचं. मामीच्या बाबतीत ही सोय १९८१ साली बंद पडली. भाऊला सोडून जाता येईना, आणि त्याला घेऊन एसटीने जाणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

मी "हो" म्हणालो. पटकन म्हणालो, कारण एक जुना हिशोब होता. तो पुढे सांगतो.

पहिल्या दिवशी मामीने मला सगळं दाखवलं. पहाटे पाचला भाऊला कूस बदलून द्यायची. सहाला लंगोट बदलून अंग पुसायचं. चहात बिस्कीट पूर्ण विरघळलं पाहिजे, नाहीतर घशात अडकतं. जेवण मऊ, चमच्याने, मान थोडी पुढे धरून. एका जेवणाला पाऊण तास. आंघोळीला दोन माणसं लागतात, पण मामी ती एकटीने घालते. कशी, ते मला अजून कळलेलं नाही. रात्री अकरा, दोन आणि पाच वाजता कूस. नाही बदलली तर पाठीला जखमा होतात. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. मामी हसली. म्हणाली, "मी कदी लिवलं नाई बा."

दुसऱ्या रात्री दोन वाजता मी भाऊला वळवत होतो आणि माझ्या कमरेत उसण भरली. मी सत्तेचाळीस वर्षांचा, बऱ्यापैकी धडधाकट माणूस. दोन दिवसांत माझी ही गत.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू दीड तास बसायला आल्या, म्हणून मी स्कूटर काढली आणि सेवाग्रामला जाऊन आलो. नेहमीचंच आश्रम, लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेलं. पण या वेळी बापूकुटीत रेंगाळलो नाही. परचुरे कुटीसमोर जाऊन बसलो.

परचुरे शास्त्री कोण, हे वर्ध्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. संस्कृतचे मोठे पंडित. येरवडा तुरुंगात गांधीजींबरोबर होते. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळात कुष्ठरोग म्हणजे घर, गाव, नातं सगळं तुटणं. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला येऊन पोहोचले. आश्रमात बाकीची माणसं, मुलं होती, त्यामुळे त्यांना ठेवून घेणं ही साधी गोष्ट नव्हती. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतःच्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी कुटी झाली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करू लागले. तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. शास्त्रीबुवा बसलेले आणि गांधीजी वाकून त्यांच्या अंगाला हात लावताहेत. शाळेत आम्हाला तो 'सेवा' या विषयाखाली दाखवायचे.

दोन रात्रींच्या जागरणानंतर तो फोटो मला वेगळाच आठवला. गांधीजींचं मोठेपण कमी करायचा विचारही मनात नाही. ज्या रोग्याला शिवायला सख्खी माणसं तयार नव्हती, त्याला त्यांनी हात लावला, ही देशाला दिलेली शिकवण होती. पण मालिश झाल्यावर ते उठून जाऊ शकत होते. पत्रं होती, माणसं भेटायला आलेली होती, दौरे होते. शास्त्रीबुवांचा उरलेला दिवस सांभाळायला आश्रम होता. म्हणजे हात अनेक होते आणि फोटोत दोनच दिसतात. मामीकडे उलट आहे. दोनच हात आहेत आणि फोटो कोणी काढलेला नाही.

पुढे परचुरे शास्त्री दत्तपूरला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. दत्तपूर वर्ध्याच्या अगदी जवळ. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत सुरू केली. त्याआधी हे काम देशात मुख्यतः मिशनरी करत. सरकारचं धोरण होतं ते १८९८ च्या कायद्याचं. निराधार, भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडायचं आणि आश्रमशाळेसारख्या बंदिस्त जागेत ठेवायचं. हा केंद्रीय कायदा पुस्तकातून निघायला २०१६ साल उजाडलं! सरकारचा पैसा जायचा तो या बंदिस्त जागांना. रोगी घराबाहेर काढला की त्याच्या नावाने पैसा सुरू, घरात राहिला तर काही नाही.

हे चित्र बदलायचा एक मोठा प्रयत्न वर्ध्यातूनच झाला आणि त्याचा आम्हा वर्धेकरांना फारसा पत्ता नसतो. गांधीजींच्या नावाने जमलेल्या निधीतून १९५१ साली 'गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान' वर्ध्यात उभं राहिलं. डॉ. वार्डेकर त्याचे पहिले संचालक. त्यांनी ठरवलं की रोगी दवाखान्यात यायची वाट पाहायची नाही. गावोगाव, घरोघर जायचं, रोगी शोधायचे, लोकांना रोग समजावून सांगायचा आणि डॅप्सोनच्या गोळ्या तिथेच द्यायच्या. रोगी आपल्या घरी, आपल्या माणसांत राहील. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी ही पद्धत. १९५५ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच वाटेने. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक औषधं एकत्र द्यायची नवी उपचारपद्धती आली, तेव्हाही देशात ज्या जिल्ह्यांत ती सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत वर्धा होतं.

म्हणजे बघा, 'माणसाला घरातच राहू द्या, मदत घरी पोहोचवा' ही कल्पना आमच्या जिल्ह्यात सत्तर वर्षांपूर्वी कामाला लागलेली होती आणि सरकारने ती उचलली होती. कुष्ठरोगात ती चालली, कारण घरी पोहोचवायची गोष्ट होती गोळी. गोळी मोजता येते. किती घरं, किती रोगी, किती गोळ्या, सगळं रजिस्टरमध्ये बसतं. भाऊसारख्या माणसाला गोळी लागत नाही. त्याला लागतात तास. पहाटे पाचपासून रात्री दोनपर्यंतचे कोणाचे तरी तास. आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये बसले नाहीत.

तुम्ही म्हणाल, सरकारला हे कळलंच नाही का? मलाही तसंच वाटायचं. पण घरी येऊन कायदे वाचले तेव्हा चाटच पडलो. कळलं होतं. लिहूनही ठेवलंय.

१९९५ साली अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, त्यात कुष्ठरोगातून बरे झालेलेही होते. भर होता तो शिक्षण, नोकऱ्यांतलं आरक्षण, येण्याजाण्याच्या सोयी यांवर. ते हवंच होतं. पण ज्याला नोकरी कधीच करता येणार नाही, त्याच्या आईबापांचा प्रश्न वेगळा होता. आमच्यानंतर याचं काय? याच प्रश्नातून ३० डिसेंबर १९९९ ला 'राष्ट्रीय न्यासा'चा म्हणजे नॅशनल ट्रस्टचा कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (तेव्हाचा कायद्यातला शब्द) आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. मुलगा अठराचा झाला की आईबापही कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. मामीने ते घेतलंय. त्या कागदाला तिने प्लास्टिक करून ठेवलंय.

तर या १९९९ च्या कायद्यात न्यासाने कोणत्या कामांना उत्तेजन द्यायचं याची यादी आहे आणि त्यात 'रेस्पाइट केअर' स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे सांभाळणाऱ्याला थोडे दिवस सुटका मिळावी म्हणून दुसऱ्याने केलेला सांभाळ. आपल्या मराठीत 'उसंत' म्हणू. मामी भाऊची कूस बदलत होती, तेव्हा दिल्लीत हा शब्द कायद्यात बसला होता. पंचवीस वर्षं होऊन गेली.

मग पैसा? कायद्यानेच केंद्र सरकारने न्यासाला एकदाच १०० कोटी रुपये द्यायचे ठरलं. ते बँकेत ठेवायचे आणि व्याजावर काम करायचं. शंभर कोटी म्हटलं की डोळे विस्फारतात. पण मी सहज गणित केलं. २०११ च्या जनगणनेत नुसते बौद्धिक अपंगत्व असलेले लोकच देशात १५ लाखांच्या आसपास आहेत. १०० कोटींवर वर्षाला दहा टक्के व्याज धरा, दहा कोटी झाले. माणशी वर्षाला ६७ रुपये. भाऊच्या लंगोटांचे तीन दिवस! नंतर योजनांसाठी सरकारकडून वेगळं अनुदानही आलं, ते नाकारत नाही. पण मूळ कल्पनेचा जीव केवढा होता ते यावरून कळतं.

या न्यासाची 'समर्थ' नावाची योजना २००५ मध्ये आली. केंद्रात थोडे दिवस किंवा कायमचं राहण्याची सोय. २०१५ मध्ये योजना नव्याने मांडल्या गेल्या. 'समर्थ' होतीच, दिवसभराच्या सांभाळासाठी 'विकास' आणि सांभाळणारी माणसं तयार करण्यासाठी 'सहयोगी' आली. कागदावर सुंदर आहे सगळं. पण रचना अशी, की एखादी नोंदणीकृत संस्था पुढे येणार, केंद्र उघडणार, मग तिला अनुदान. जिथे संस्था नाही तिथे योजना नाही. आणि इथे मला पुन्हा तो १८९८ चा कायदा आठवला. हेतू जमीन-अस्मानाएवढे वेगळे, पण पैशाची वाट तीच. खाट संस्थेत असेल तर तिच्यामागे अनुदान. तीच बाज मामीच्या पडवीत असेल तर काही नाही. हिशोब तपासणाऱ्याला संस्थेतल्या खाटा मोजता येतात, घरातल्या मोजायच्या कशा, हा त्याचाही प्रश्न असणार. तरी पण...

भाऊच्या नावाने पैसे येतात, नाही असं नाही. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. त्यातली रक्कम ६०० ची १००० झाली, २०२३ मध्ये १५०० आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५००. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातंही काढलं. या पैशांतून औषध, लंगोट, साबण निघतो. चार दिवस कोणी माणूस ठेवायचा म्हटलं तर? रात्रपाळीसकट कोणी येत नाही आणि आलं तर महिन्याची रक्कम दोन-तीन दिवसांत संपते.

बाहेर काय करतात? माझी मावसबहीण जर्मनीत असते, तिला विचारलं. तिथे १९९५ पासून सांभाळासाठी वेगळा विमा आहे. घरातलं सांभाळणारं माणूस आजारी पडलं किंवा नुसतं सुट्टीवर गेलं, तरी बदली माणसाचे पैसे तो विमा देतो. सुरुवातीला वर्षातून चार आठवडे, नंतर वाढवले. 'नुसतं सुट्टीवर' हे ऐकून मी तिला दोनदा विचारलं. अमेरिकेने २००६ मध्ये खास या उसंतीसाठीच कायदा केला. ते श्रीमंत देश, आपण त्यांच्याशी बरोबरी काय करायची, असं कोणी म्हणेल. तर आपल्याकडचं उदाहरण घ्या. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याच्या नावाने महिना ६०० रुपयांची योजना आहे. रक्कम लहान आहे. पण ती सांभाळणारीच्या नावाने आहे. पैसे देणाऱ्याने तिला एक माणूस म्हणून मोजलं, एवढं तरी झालं.

आणि आपला २०१६ चा नवा दिव्यांग हक्क कायदा? त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले. त्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे, पगार घेणारा किंवा न घेणारा, आईवडीलही त्यात आले. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. पण त्या कलमाच्या सुरुवातीलाच लिहिलंय, सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. त्याआधी २००७ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्यातही गरीब घरांना उसंतीसाठी सरकारने मदत करावी असं शब्दशः आहे. म्हणजे हा शब्द आपण एकदा नव्हे, दोनदा लिहून दिला.

आता तो जुना हिशोब.

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नागपूरला नोकरीला लागलेला, दोन दिवसांसाठी मामीकडे आलो होतो. सकाळी अकराला आर्वीहून फोन आला, मामीची आई गेली. मामा ड्युटीवर, संध्याकाळी येणार. मामी एकदा भाऊकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. तिने विचारलं नाही. मीही म्हणालो नाही की तू जा, मी थांबतो. खरं सांगतो, मला भीती वाटली. तो घासात अडकला तर, त्याने अंथरूण खराब केलं तर, मला काय येतं? "मला दुपारच्या गाडीने जावंच लागेल," असं म्हणून मी निघालो. गाडी काही तशी महत्त्वाची नव्हती. मामा आल्यावर मामी निघाली. रात्री पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्याबद्दल ती मला एका शब्दाने कधी बोलली नाही. म्हणूनच ते एकवीस वर्षं राहिलं.

तेव्हा सरकारच्या नावाने बोट मोडताना मला जरा जपूनच मोडावं लागतं. सरकारने घरातली बाज मोजली नाही, हे खरं. पण त्या दिवशी मी त्याच घरात होतो.

असो. चौथ्या दिवशी संध्याकाळी मामी परत आली. म्हणाली, पहिले दोन दिवस नुसती झोपली. भावजयीला वाटलं, बिमार आहे. तिसऱ्या दिवशी गावात जुन्या मैत्रिणीकडे जाऊन आली. चौथ्या दिवशी सकाळपासूनच तिचं लक्ष लागेना. आल्याबरोबर भाऊची पाठ पाहिली, बोट फिरवून. एक जागा जरा लाल होती. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोनची कूस चुकली का रे?" चुकली होती. कमरेमुळे मला जागच आली नव्हती. भाऊने तिला पाहून त्याच्या पाच-सहा आवाजांतला एक काढला. त्याचा अर्थ मी विचारला तर म्हणे, "रागवला हाय. कुठं गेलती म्हनते."

चव्वेचाळीस वर्षांचे साधारण सोळा हजार दिवस होतात. त्यातले चार.

आता नातेवाइकांसाठी काम. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे, आधी ३ टक्के होता. त्यातून महिन्यातून काही दिवस मदतनीस बाई मिळावी, असा अर्ज मी मामीच्या सहीने दिलाय. सरपंच म्हणाले, अशी मागणी आजवर कोणी केली नाही, बघतो. नकार आला तर लेखी मागणार आहे. निदान रजिस्टरमध्ये एक नोंद तरी होईल.

तोवर आपण. दर तीन महिन्यांनी चार दिवस, एवढंच ठरवतोय. संक्रांतीनंतरचे मी घेतले. उन्हाळ्यातले चार दिवस धाकट्या मावशीचा मुलगा घेतो म्हणालाय. पोळ्याच्या सुमाराचे रिकामे आहेत. वही माझ्याकडे तयार आहे, सगळं वेळेसकट लिहिलेलं आहे, रात्री दोनच्या गजरासकट. घाबरू नका, भाऊ काही करत नाही. जेवताना मान पुढे धरा म्हणजे झालं.

पोळ्याला कोण जातंय, ते मला फोन करून सांगा. मामीला नका विचारू. ती "राहू दे" म्हणेल.